निळी चिंदी

मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला नेमबाजीच्या रेंजवर गेलो तो संध्याकाळी पाचला घरी आलो, आणि एवढ्या वेळात गोळ्या मारल्या फक्त 16. बाकीचा दिवस रायफलचं नवीन बॅरल, म्हणजे नळी, साफ करण्यात गेला. शेजारच्या टेबलवरच्यांनी तेवढ्या वेळात साठ-सत्तर मारून सामान आवरलं पण. तरी सांगतो, खूप दिवसांनी एवढा समाधानाचा शनिवार गेला, आणि त्यातून जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटलं कारण मराठीत यावर लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तर नवीन बॅरल आलंय. .308 काडतुसाचं, 30 इंची, स्टेनलेस, इथेच अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बनलेलं. मिलवॉकीच्या आसपास क्रीगर आणि बार्टलाइन असे दोन नावाजलेले बॅरल बनवणारे आहेत, आणि अशा ठिकाणी नोकरीनिमित्त येऊन पडलो हे मी नशीबच समजतो. मी एफ-टीआर हा लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा प्रकार खेळतो, म्हणजे पालथं झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी, काडतूस .223 नाहीतर .308 एवढंच चालतं आणि रायफलचं वजन बायपॉडसकट 8.25 किलोच्या आत. 1000 यार्डांवर दहाचं वर्तुळ 10 इंचाचं आणि त्यातलं एक्स 5 इंचाचं असतं, आणि तिथपर्यंत जायचं तर बॅरलवर विश्वास लागतो, म्हणून सुरुवातीलाच त्याचं नीट बघायचं ठरवलं होतं.

ब्रेक-इन, म्हणजे नवीन बॅरल सुरुवातीला थोड्या थोड्या गोळ्यांनी साफ करत बसवणं, करायचं तरी कशाला, हे आधी सांगतो, कारण मलाही बरेच दिवस ते नीट कळलेलं नव्हतं. चांगलं बॅरल कारखान्यातच हाताने लॅप केलेलं असतं, शिशाच्या गोळ्याला पॉलिशची पेस्ट लावून आतून लांबीच्या दिशेने घासलेलं, त्यामुळे गोळी ज्या दिशेने धावते त्याच दिशेने आतले ओरखडे असतात आणि ते गोळीला नडत नाहीत. पण नंतर गनस्मिथ चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कापतो, तेव्हा त्याचं हत्यार, रीमर, गोल फिरतं, आणि थ्रोटमध्ये, म्हणजे गोळी नळीतल्या पिळाच्या आट्यांना पहिल्यांदा जिथे भिडते तिथे, आडवे बारीक ओरखडे राहतात, किसणीसारखे. गोळीचं तांब्याचं आवरण तिथे किसलं जातं, जळत्या दारूच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती पुढे नळीत जाऊन चिकटते. त्याच्यावरून पुढची गोळी गेली की थरावर थर. म्हणून एक गोळी मारा, तांबं पूर्ण काढा, परत एक मारा, असं करत करत ती किसणी गुळगुळीत होऊ द्यायची. बॅरल यामुळे जास्त अचूक होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, पुढे साफ करायला कमी वेळ लागतो एवढंच.

साफसफाईचं वेड मला एनसीसीतून लागलं. कोल्हापूरला कॉलेजात असताना .22 रायफली असायच्या, पुलथ्रूच्या दोरीत चिंदी अडकवून ओढायची, आणि उस्ताद चेंबरच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून उजेड आत पाडून नळीतून बघायचे, जरा काळं दिसलं की परत. तेव्हापासून साफसफाईच्या कापडाच्या तुकड्याला पॅच हा शब्द माझ्या तोंडात बसलाच नाही, माझ्यासाठी ती चिंदीच.

यावेळी बॅरल साफ करायच्या सॉल्व्हंटच्या तीन बाटल्या नेल्या होत्या. हॉप्पेज नंबर 9, जे 1903 पासून मिळतं आणि ज्याचा वास इथल्या म्हाताऱ्या नेमबाजांना वडिलांची आठवण करून देतो, मला तो केळ्याच्या शिकरणीसारखा वाटतो. दुसरं बोअरटेक एलिमिनेटर, त्यात अमोनिया नाही, वास जवळजवळ नाहीच. तिसरं ऑस्ट्रेलियाचं स्वीट्स 7.62, भरपूर अमोनियावालं, झाकण उघडलं की डोळ्यात पाणी. घरी एकदा गॅरेजमध्ये उघडलं होतं तर ही आतून ओरडली की गोठ्यासारखा वास कसला येतोय.

आता तुलना करायची तर एक अडचण आहे आणि ती मला आदल्या रात्री झोपताना लक्षात आली ते बरं झालं. पहिल्या गोळीनंतर एक सॉल्व्हंट, दुसरीनंतर दुसरं, तिसरीनंतर तिसरं असं केलं तर काहीच कळणार नाही, कारण दर गोळीला तांबं मुळातच कमी होत जातं, म्हणजे शेवटी वापरलेली बाटली उगाच भाव खाऊन जाणार. म्हणून एकाच गोळीनंतर तिन्ही वापरायची ठरवली. आधी एक लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, चिंद्या पांढऱ्या येईपर्यंत काढायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन चिंद्या मारून ते सॉल्व्हंट पूर्ण पुसून टाकायचं, फोनला जोडायच्या बोअरस्कोपने, म्हणजे नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, आत बघायचं, आणि मग पुढच्याला विचारायचं की बाबा काही उरलंय का. मधलं अल्कोहोल महत्त्वाचं, दोन सॉल्व्हंट एकमेकांत मिसळायची नाहीत, आणि अमोनियावालं तर घरातल्या ब्लीचच्या आसपासही नेऊ नका, त्याचा विषारी वायू होतो.

पहिली गोळी मारली. बोल्ट काढला, त्या जागी बोअर गाइड घातला म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही आणि चिंदी ढकलायची लांब काडी थ्रोटला घासत नाही, आणि मागून पुढे ढकलत हॉप्पेजची चिंदी. काळीकुट्ट. दुसरी काळी, तिसरी करडी, सहावी-सातवी जवळजवळ पांढरी. तेवढ्यावर थांबलो असतो तर खूश झालो असतो. बोअरस्कोप घातला तर थ्रोटच्या पुढे दोन-तीन इंच आट्यांच्या कडेने तांबूस पट्टे स्वच्छ दिसत होते, देवाच्या जुन्या तांब्यावर कडेला राहतात ना तसे. यात बाटलीचा दोष नाही, दारूची काजळी काढायला ती उत्तम आहे आणि पाच मिनिटांत सगळं तांबं काढायची अपेक्षा तिच्याकडून नाहीच. पण चिंदी पांढरी म्हणजे बॅरल स्वच्छ, हे मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो, ते तिथेच संपलं.

मग एलिमिनेटर, नायलॉनच्या ब्रशने. पाच मिनिटांनी चिंदी निळी आली, शाईसारखी निळी. परत लावलं, परत निळी पण फिकी, तिसऱ्यांदा पांढरी. बोअरस्कोपमध्ये पट्टे गेलेले, एका आट्याच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ राहिलेली. मग स्वीट्स. निळी चिंदी. ठीक, ती रेघ असेल. परत स्वीट्स, परत निळी. परत. परत. चार, पाच, सहा चिंद्या, सगळ्या निळ्या, आणि माझा जीव वरखाली, की एका गोळीने एवढं तांबं सोडलं तर हे बॅरल आहे की काय आहे. बोअरस्कोप घालून बघतो तर आत काहीच नाही, लख्ख.

अर्धा तास गेला तेव्हा डोक्यात आलं. काडीच्या टोकाला जो जॅग असतो, ज्याच्यावर चिंदी गुंडाळून ढकलतो, तो पितळी होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. एक कोरी चिंदी टेबलावर ठेवली, तिच्यावर स्वीट्सचे दोन थेंब टाकले आणि जॅग त्यावर आडवा ठेवला. बघत बसलो. जॅग जिथे टेकला होता तिथे आधी आकाशी कड उमटली, मग ती कापडाच्या धाग्याधाग्याने पसरली, आणि मिनिटभरात जॅगच्या कंगोऱ्यांचा ठसा निळा उठला. बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये कॉपरच्या टेस्टला अमोनिया टाकला की टेस्ट ट्यूबमध्ये जो गडद निळा यायचा तोच हा, फक्त इथे धातूचं तांबं असल्यामुळे हवेतला ऑक्सिजनही लागतो. म्हणजे अर्धा तास मी बॅरल नाही, जॅग साफ करत होतो. एलिमिनेटरच्या निळ्यातही जॅगचा थोडा वाटा असणार, ते अमोनियाशिवाय पण तांब्यालाच लागू पडतं. पेटीत तांबं नसलेल्या धातूचा एक जॅग पडून होता, तो लावला आणि पुढची स्वीट्सची चिंदी पांढरीशुभ्र. ब्राँझच्या ब्रशचंही हेच, तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर तो वापरू नका, एक तर खोटा रंग देतो आणि ब्रशही झिजतो. किती लोक या निळ्यापायी घासत बसले असतील आणि चांगल्या बॅरलला नावं ठेवली असतील याचा मला खरंच विचार येतो.

दुसऱ्या गोळीनंतर क्रम उलटा केला, आधी स्वीट्स. काम झटपट करतं यात शंका नाही, दोन फेऱ्यांत तांबं साफ, मागून एलिमिनेटर लावलं तर पांढरं. पण तेवढ्यात सीझफायर झाला. सीझफायर म्हणजे लोक टार्गेट बदलायला पुढे जातात, आणि ते पुढे असताना आपल्या रायफलला बोटसुद्धा लावायचं नाही, रेषेच्या मागे जाऊन उभं राहायचं, हा नियम सगळीकडे आहे आणि असलाच पाहिजे. नेमकी तेव्हा तिसऱ्या गोळीनंतर लावलेली स्वीट्सची चिंदी नुकतीच फिरवून झालेली, सॉल्व्हंट बॅरलमध्ये ओलं, आणि मी दहा फुटांवर घड्याळ बघत. बाटलीवर स्पष्ट सूचना असते की 15 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. त्या दिवशी कोणाचं तरी टार्गेट वाऱ्याने पडलं होतं, ते उभं करण्यात 20 मिनिटं गेली. ती 20 मिनिटं मला दोन तासांसारखी गेली. नंतर बोअरस्कोपने इंचइंच बघितलं, काही झालेलं दिसलं नाही, पण चारशे-पाचशे डॉलरच्या बॅरलवर आणि गनस्मिथच्या कामावर हा जुगार मला परत खेळायचा नाही. तिथेच स्वीट्सची बाटली पेटीत गेली आणि पुढच्या सगळ्या गोळ्यांना एलिमिनेटर. वेळ आपल्या हातात नसेल तिथे अमोनिया नको, माझ्यापुरता निकाल त्या 20 मिनिटांनी लागला. घरी उघड्यावर, हातात ग्लोव्ह्ज, समोर टायमर, आणि जुनं हट्टी तांबं असेल तर स्वीट्ससारखं दुसरं नाही, फक्त त्यात पाणी असतं, म्हणून नंतर पुसून तेलाची चिंदी हवीच.

शेजारच्या टेबलावर एक सत्तरीतले गृहस्थ होते, आयुष्यभर नेमबाजी केलेले. ते म्हणाले, कशाला एवढं करतोस, नुसता मारत राहा, बॅरल आपोआप बसतं, उलट या काड्या घालून घालूनच लोक बॅरलची वाट लावतात. त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. काडी वाकडी गेली, चिंदी बाहेर पडल्यावर जॅग तसाच क्राउनवरून, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेवरून, घासत मागे ओढला, ब्रश मध्येच उलटा फिरवला, तर शंभर गोळ्यांनी होणार नाही तेवढं नुकसान एका दुपारी होतं. मी चिंदी तोंडाशी बाहेर आली की काढून टाकतो आणि मग काडी हळू मागे घेतो. पण पहिल्या मुद्द्याचं उत्तर मला चौथ्या गोळीला मिळालं. चौथ्या गोळीनंतर निळा रंग एका फेरीतच गेला, पाचवीनंतर नुसती निळसर झाक. थ्रोट बसला. मग तीन मारून साफ, परत तीन मारून साफ, शेवटी पाच मारून साफ, अशा 16. शेवटच्या पाचांनंतर जेवढं तांबं निघालं ते पहिल्या एका गोळीपेक्षा कमी होतं. म्हणून पंचवीस-तीस गोळ्यांचा ठरीव पाढा म्हणायची गरज नाही, चिंदी काय सांगते ते बघून थांबायचं, हाताने लॅप केलेलं बॅरल लवकर थांबवतं, साध्या फॅक्टरी बॅरलला जास्त लागू शकतात.

लोडचं काम, म्हणजे काडतुसात दारू किती भरायची ते ठरवणं, मात्र अजून सुरू केलेलं नाही. नवीन बॅरलचा वेग पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांत बऱ्याचदा वाढतो, आत्ता दारूचं वजन पक्कं केलं तर महिन्याभराने परत पहिले पाढे पंचावन्न. घरी आल्यावर वाइप-आउटचा फोम भरून रात्रभर ठेवला, त्यातही अमोनिया नाही, सकाळी दोन चिंद्या काढल्या, पहिलीवर नावापुरता निळा डाग, दुसरी कोरी. मग एक तेलाची.

कोल्हापूरच्या एका मित्राला हे सगळं फोनवर सांगत होतो तर तो म्हणाला मलाही त्यातलं एखादं पाठव. तो .22 मारतो, 50 मीटर, ज्या अंतरावर तेजस्विनी सावंतने 2010 ला म्युनिकला जगज्जेतेपद आणलं आणि स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ, आणि त्यानंतर तिकडे पोरं रांगा लावून शिकतायत. त्याला सांगितलं, तुला यातलं तांब्याचं काहीच नको. मॅच .22 ची गोळी शिशाची, वरून मेणासारखं वंगण, तांब्याचं आवरणच नाही, तर तांब्याचा सॉल्व्हंट काढणार काय. त्याला बघायचंय ते चेंबरच्या पुढे जमणारं कडक कार्बनचं कडं, आणि त्यासाठी साधा कार्बनचा सॉल्व्हंट आणि चिंदी. माझीही एक .22 आहे, पितळी जॅग आता तिच्या डब्यात टाकलाय.