छर्रा तिरका बसत होता आणि मी रायफलीला शिव्या घालत होतो

एअर रायफलीच्या एका रबरी रिंगेपायी पाच आठवडे गेले. दर शनिवारी ठाण्याहून लोकल पकडून मुंबईतल्या एका दुकानात खेटे घालत होतो, आणि शेवटी कळलं की दोष रिंगेत नव्हताच. राग अजून उतरलेला नाही. तरी लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणाचे शनिवार वाचतील.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आहे. वय 47. चार वर्षांपासून क्लबात 10 मीटर एअर रायफल मारतो. पदकबिदक नाही, पण दहा शॉटची सिरीज बरी लागायची. (कंपनीत विचारतात, ‘घरी काडतुसं भरता का हो?’ नाही बाबांनो. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा 1959 च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. शिवाय माझ्या रायफलीत दारू नाही की काडतूस नाही. दाबलेली हवा आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा, संपलं.)

दिवाळीनंतर शॉट विखरायला लागले. दहातले सात-आठ एका भोकात, दोन-तीन कुठेतरी आठात. टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि नऊचं वर्तुळ 5.5 मिलिमीटरचं, त्यामुळे आठ म्हणजे आमच्यात जवळजवळ रस्त्यावरच. सर म्हणाले, खांदा सैल सोडा. सोडला. श्वास बघा म्हणाले, बघितला. मग माझ्याच डोक्यात आलं की छर्रा नळीत ढकलणाऱ्या बोल्टच्या पुढच्या टोकाची ओ-रिंग, म्हणजे ती रबरी रिंग, गेली असणार, हवा गळत असणार.

इथून दुकान सुरू झालं. रायफल ठेवून घेतली, ‘मास्तर बघतील.’ पुढच्या शनिवारी मास्तर गावाला. त्याच्या पुढच्या शनिवारी मास्तर आले होते, पण जेवायला गेले होते. मी तासभर काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून राहिलो. मग ‘रिंगेची ऑर्डर टाकलीये साहेब, बाहेरून येते.’ म्हटलं, माप तरी सांगा, आमच्याकडे ओ-रिंगांचा डबा भरलाय. माप देता येत नाही म्हणे. चौथ्या शनिवारी फोन करून निघालो तर ‘या या’, आणि पोचलो तर शटर अर्धं खाली. पाचव्या शनिवारी मी रायफल परत मागितली. मास्तर एकदाचे दिसले. पाच मिनिटं उलटीपालटी करून म्हणाले, ‘मशीन ओके आहे, तुमचा हात हलतोय.’ तपासणीचे पाचशे वेगळे. येताना दादरपासून उभा होतो, खांद्याला ती लांबलचक केस, आणि प्रत्येक जण विचारतोय, ‘गिटार का?’

खरं तर त्यांच्याकडे जाण्याआधी मी एक गोष्ट करायला हवी होती. कंपनीत रोज करतो तीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रायफल रेस्टवर (टेकूवर) ठेवायची, म्हणजे हात, श्वास, खांदा सगळे बाजूला, आणि पाच-पाच शॉटचे गट काढायचे. गटाचं माप भोकांच्या बाहेरच्या कडांपासून घ्यायचं आणि त्यातून छऱ्याच्या व्यासाचे 4.5 मिलिमीटर वजा करायचे. रिंग गळत असेल किंवा प्रेशर पडलं असेल, तर गट बहुतेक खाली सरकतो. रायफल परत आणल्यावर हे केलं, तर माझा गट जागेवरच होता, अधूनमधून एखादाच पळत होता. म्हणजे संशय छऱ्यावर.

छऱ्यांचे डबे बदलले. डोक्याचा व्यास 4.49 मिलिमीटरचे, 4.50 चे. मायक्रोमीटर लावला, वजनं केली, कमरेखालचा घेर चेपलेले बाजूला काढले. ते प्रत्येकाने काढावेतच. डबा कुरिअरने आला असेल तर नक्की, त्यात आपटलेले निघतातच. फरक पडला, पण पळणारे पळतच राहिले.

मग एका संध्याकाळी ट्रे, म्हणजे नळीमागची छर्रा ठेवायची जागा, ब्रशने साफ करताना काहीतरी चमकलं. भिंग लावलं तर शिशाची कातरण, चतकोर नखाच्या कोरीएवढी, चंद्रकोरीसारखी वाकलेली. आमच्याकडे जॉबवरून असा बर (कडेचा धातूचा पापुद्रा) निघाला की समजायचं, कड कुठेतरी घासतेय. हवेचा सिलिंडर काढून ठेवला, एक छर्रा भरला, आणि क्लीनिंग रॉडने पुढून हळूच मागे ढकलून काढला. ठीक होता. असे दहा काढले. तीन छऱ्यांच्या डोक्याची एक कड छिलली होती. छर्रा ट्रेमध्ये मान टाकून पडत होता आणि बोल्ट त्याला तसाच तिरका नळीत रेटत होता.

पण चार वर्षं सरळ बसणारा छर्रा आताच तिरका का? हे मात्र मीच शोधलं, कुणी सांगितलं नाही. दिवाळीत मी नेमबाजीचा नवा चष्मा केला. त्याची काच समोरच्या साइटसाठी लावलेली, हाताएवढ्या अंतरावरचं लख्ख दिसतं. वीतभर अंतरावरचा ट्रे मात्र धूसर. पूर्वी मी बघून भरायचो. आता चाचपून अंगठ्याने ढकलत होतो, आणि अंगठा जाता जाता छऱ्याचा पार्श्वभाग उचलत होता. मायक्रॉन मोजणारा माणूस, आणि स्वतःचा अंगठा तेवढा मोजायचा राहिला.

आता काच वर उचलतो, ट्रे बघतो, छर्रा ठेवून बोटाच्या टोकाने त्याचं डोकं नळीच्या तोंडाशी टेकवतो आणि बोल्ट न दणकावता सावकाश बंद करतो. शॉटमागे चार सेकंद जास्त. रेस्टवरचा गट पुन्हा एका भोकात आला, त्या दिवशी घरी बासुंदी नेली.

राहिलं ते सांगतो. सिलिंडरवरची तारीख बघा, बहुतेक कंपन्या 10 वर्षांची मुदत देतात. नळी साफ केल्यावरचे पहिले काही शॉट हिशेबात धरू नका, ती स्थिरावायला वेळ घेते. आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच वडापाव. शिसं आहे ते.

परवा दुकानातून फोन आला, ‘साहेब, रिंग आलीये, घेऊन जा.’ म्हटलं, कुरिअर करा.