डोळे धुवायला

जकार्तात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या इबूंनी दार वाजवलं आणि हसून काहीतरी विचारलं. इबू म्हणजे आई, आणि कुठल्याही वयस्क बाईला हाक मारायचा मानाचा शब्द. माझी इंडोनेशियन भाषा तेव्हा एक ते दहा आकड्यांच्या पुढे सरकली नव्हती. अख्ख्या वाक्यात ओळखीचा शब्द एकच लागला, 'माता'. म्हटलं, देवीला चालल्या असतील. नव्या गावात आल्यावर आधी ग्रामदेवतेचं दर्शन घ्यावं, हे तर सातारच्या माझ्या आजीनेही सांगून ठेवलेलं. मी ओढणी घेतली, पर्समध्ये सुट्ट्या नोटा टाकल्या, पटकन काढता येतील अशा चपला घातल्या. वीस मिनिटांनी टॅक्सी थांबली ती मॉलच्या दारात.

इंडोनेशियन भाषेत माता म्हणजे डोळा. इबूंनी विचारलं होतं, "डोळे धुवायला येतेस का?" विकत काही घ्यायचं नाही, नुसतं बघत हिंडायचं, याला तिकडे डोळे धुणं म्हणतात. आम्ही तीन तास डोळे धुतले. इबूंनी केसांची एक क्लिप घेतली. मी तीही नाही. ओटीचे पैसे तसेच घरी आले.

माझ्या लेखी बाजार म्हणजे यादी. आमच्याकडे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आई यादी करायची आणि यादीबाहेरची एखादी पिशवी घरात आलीच, तर तिची उलटतपासणी व्हायची. मॉल म्हणजे उधळपट्टीचं माहेरघर, हे आमच्याकडे कुणी बोलूनही दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं. तेव्हा रिकाम्या हाताने मॉलमध्ये जाऊन रिकाम्या हातानेच परत येणाऱ्या माणसांचं करायचं काय, हे मला कळेना. बरं, अशी माणसं एक-दोन नव्हती. आजोबा-आजी, पोरंबाळं, बाबागाडीत झोपलेलं तान्हं आणि त्या गाडीमागे चालणारी सांभाळणारी मुलगी, अशी वरातीच्या वराती सरकत्या जिन्यावरून वर जात होत्या आणि पलीकडच्या जिन्याने खाली येत होत्या.

कारण कळायला मला एक दुपार पायी चालावं लागलं. घरापासून किलोमीटरभरावर बँक होती. म्हटलं, चालत जाऊ. शहर विषुववृत्ताच्या खाली जेमतेम सहा अंशांवर. बारा महिने मुंबईचा मे आणि जून आलटून पालटून. फुटपाथ होता, पण मध्येच संपला. पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्यावर बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची, हातगाडी होती, तिच्यामागे झाड, आणि झाडाला वळसा घालून समोरून येणारी मोटारसायकल. बँकेत पोचले तेव्हा तिथल्या रखवालदाराने मला पाण्याची बाटली आणून दिली. संध्याकाळी इबूंना सांगितलं तर त्या थक्क. "चालत? मग मॉलमध्ये चाल ना!" त्यांना त्यात विनोद दिसत नव्हता. खरंच, या शहरात लहान मूल हात सोडून पळू शकेल, म्हातारं माणूस ठेच न लागता चालू शकेल, अशी सपाट, थंड, मोटारीविना जागा कुठे असेल तर ती काचेच्या त्या दारापलीकडे. रविवारी सकाळी सुदिरमान आणि थामरीन हे हमरस्ते काही तास गाड्यांना बंद ठेवतात, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरतं. लोकांना चालायची हौस नाही असं नाहीच. एरवी जागा नाही.

थंडाव्याला जाण्यासाठी त्यांच्याकडे वेगळं क्रियापद आहे. जावा बेटावरच्या जावानीज भाषेत 'आदेम' म्हणजे गार, आणि गारव्याला जाऊन बसणं म्हणजे 'ङादेम'. आपल्या वर्णमालेत ङ बिचारा नुसती हजेरी लावतो, वाङ्मयापुरता कामाला येतो आणि परत जाऊन बसतो. इथे तो शब्दाच्या डोक्यावर ऐटीत उभा. दुसरा शब्द 'नोंगक्रोंग': काही काम नसताना चारचौघांत ठिय्या मारून बसणं. आपल्याकडे त्यासाठी पार होता, कट्टा होता, आमच्या पेठेत तर सायकलच्या दुकानाची पायरी होती. जकार्ताने पार वातानुकूलित केला आणि त्याच्याखाली तीन मजली पार्किंग बांधलं, एवढंच.

याची सुरुवात मात्र ठिय्यासाठी झाली नव्हती. थामरीन रस्त्यावर 'सारिनाह' नावाचं दुकान आहे, देशातलं पहिलं आधुनिक डिपार्टमेंट स्टोअर. स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या डोक्यातलं हे खूळ. देशी माल सामान्य माणसाला रास्त भावात मिळावा, म्हणून सरकारनेच दुकान काढायचं. बांधायला पैसा आला जपानने दिलेल्या युद्धभरपाईतून. आणि नाव दिलं ते लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या बाईचं. मला या सगळ्यात नावाचंच अप्रूप वाटतं. राजधानीतली टोलेजंग इमारत, आणि तिच्या कपाळावर घरच्या दाईचं नाव! दुकान उघडलं 15 ऑगस्ट 1966 ला. तोवर सुकार्नोंच्या हातातली सत्ता जवळजवळ निसटली होती. देशातला पहिला सरकता जिना इथलाच, तेव्हा नुसत्या त्या जिन्यावर चढा-उतरायला किती लोक येऊन गेले असतील. म्हणजे डोळे धुण्याची परंपरा पहिल्या दिवसापासूनचीच म्हणायची.

पुढे 1991 मध्ये याच सारिनाहमध्ये देशातलं पहिलं मॅकडोनाल्ड्स आलं. ते मे 2020 मध्ये बंद झालं, तर ऐन कोविडच्या निर्बंधांत रात्री लोक निरोप द्यायला जमले. बर्गरच्या दुकानाला निरोप! पण कुणाची तिथे पहिली भेट झाली असेल, कुणी परीक्षेचा अभ्यास केला असेल. आमच्या गावातलं थिएटर पाडलं तेव्हा आम्हीही बघायला गेलोच होतो की. त्यानंतर सारिनाहचं नूतनीकरण झालं आणि वीज-यंत्रांच्या खोलीत दडून गेलेलं सुकार्नोंच्या काळातलं एक मोठं उठावशिल्प पुन्हा लोकांसमोर आलं. त्यात शेतकरी आहेत, कोळी आहेत, बाजारात माल विकणाऱ्या बायका आहेत. आता ते काचेच्या झगमगाटात सगळ्यांना दिसतं. मी त्याच्यासमोर उभी होते तेव्हा शाळेच्या गणवेशातल्या चार मुली शिल्पातल्या बाजारवालीशेजारी तिच्यासारखाच आविर्भाव करून सेल्फी काढत होत्या.

सारिनाहनंतर शहरात मॉलांचं पीकच आलं. आज ते शंभरावर आहेत. रहदारी इतकी तुंबली की 2013 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जोको विडोडो यांना नव्या मॉलना परवानगी नाही म्हणून सांगावं लागलं. गंमत अशी की लोक मॉलमध्ये बसतात तेही बऱ्याचदा रहदारीमुळेच. कचेरी सुटते पाचला, रस्ता सुटतो आठला. मधले तीन तास नूडल्स आणि गप्पा.

मॉलांनाही जाती आहेत. हॉटेल इंडोनेशियाच्या चौकातल्या मॉलमध्ये परदेशी पर्सा काचेमागे एकेकट्या ठेवलेल्या असतात, देवघरात ठेवल्यासारख्या, आणि दाराशी सुटातला द्वारपाल. त्या दुकानांत मी कधी शिरले नाही. शिरले असते तर त्याला हसू आवरलं नसतं. माझा जीव रमतो मांगा दुआला. मांगा म्हणजे आंबा, दुआ म्हणजे दोन. दोन आंबे असं नाव असलेल्या ठिकाणाहून घासाघीस न करता यायचं, हे मराठी बाईला शोभत नाही. तिथे चार-चार हात रुंदीच्या दुकानांच्या गल्ल्या, कपड्यांचे ढीग, आणि प्रत्येक दुकानातून एकच हाळी: "बोलेह, काका!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कुणाचे काका आलेत म्हणून. 'काकाक' म्हणजे थोरलं भावंड, ताईही आणि दादाही. शेवटचा क घशातच विरतो, म्हणून उरतो काका. आणि बोलेह म्हणजे 'चालेल, बघा की'. तुळशीबागेत 'या ताई, बघायचे पैसे नाहीत' म्हणतात ना, अगदी तेच, फक्त मी तिथे ताईची काका झाले. किंमत विचारायला शब्द आहे 'हार्गा'. तो आला संस्कृत 'अर्घ'वरून, आणि आपला 'महाग' आला 'महार्घ'वरून. त्यामुळे मी कपाळाला आठी घालून "हार्गा?" विचारते आणि उत्तर ऐकून "महाग!" म्हणते, तेव्हा दोन्ही बाजू एकाच मुळाच्या दोन टोकांना लोंबकळत असतात. दुकानदारणीला यातलं काही ठाऊक नसतं. आठी मात्र तिला बरोबर कळते.

खाण्याच्या बाबतीत मी मार खाल्ला. फूड कोर्टमध्ये पहिल्यांदा गेले ती पाठ केलेलं वाक्य घेऊन: 'तांपा दागिंग', मांसाशिवाय. काउंटरवरच्या मुलाने मान डोलावली. भात आला, त्यावर कोंबडीचे तुकडे. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, हे दागिंग नाही, हे आयाम. त्याचंही बरोबर होतं. बोलीत दागिंग म्हणजे बहुतेक वेळा गाईबैलाचं; कोंबडी ही कोंबडीच. ती बाजूला काढून त्याने नवी ताटली दिली, वर सांबल, म्हणजे मिरचीचा ठेचा, वाढलं, आणि त्या सांबलात सुकवलेल्या कोळंबीची तेरासी होती हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर मला ती आवडायला लागली होती. आईला सांगितलेलं नाही.

शाकाहारी माणसाने बिनघोर मागवावं ते 'एस तेलेर'. शहाळ्याची मलई, फणसाचे गरे, ॲव्होकाडो, वर बर्फाचा चुरा आणि घट्ट गोड दूध. तेलेर म्हणजे झिंगलेला. झिंग आणणारा बर्फ. या नावाची जी साखळी आज मॉलमॉलमधून दिसते, ती 1982 मध्ये जकार्तातल्या एका बाजारसंकुलाच्या आवारात सुरू झाली होती. फणस बर्फात घालावा हे आपल्या कोकणात कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

मॉलचा मधला चौक बघायचा तो रमजानच्या संध्याकाळी. वर्षभर हा चौक वेश बदलत असतो: चिनी नववर्षाला लाल कंदील आणि नाचणारे सिंह, नंतर ईदला केतुपात, म्हणजे नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीतला भात, डिसेंबरात नाताळचं झाड. त्यातले लाल कंदील सुकार्नोंनंतर आलेल्या सुहार्तोंच्या राजवटीत उघड्यावर लावता येत नव्हते. ती बंदी 2000 मध्ये उठली. पण रमजानची गोष्ट डोळ्यांची नाही, कानांची आहे. चार वाजल्यापासून टेबलं धरलेली असतात. रोजा एकत्र सोडायचा, 'बुका बरसामा', म्हणून शाळेचे जुने वर्ग, कचेऱ्या, कुटुंबं येतात. साडेपाचला ताटं समोर येतात आणि कुणी हात लावत नाही. समोर कोलाकची वाटी: केळं, रताळं, नारळाचं दूध आणि गूळ. आमच्या उपवासाच्या खिरीची सख्खी बहीण. पोरं वाटीकडे बघतात, मग घड्याळाकडे. मी रोजा धरलेला नव्हता तरी मीही थांबले, एकटीने कसं खायचं? सहाच्या सुमाराला गाणी थांबली, ध्वनिक्षेपकावर अजान आली, आणि मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणानंतर शेकडो चमचे एकदम.

आणि आता माझी पदवी. 2025 च्या जुलैमध्ये तिकडच्या बातम्यांत एक शब्द गाजला, 'रोजाली'. रोम्बोंगान जारांग बली, म्हणजे क्वचितच खरेदी करणारा घोळका. रोजाली हे तिथल्या एखाद्या काकांचं नाव शोभेल असं. मग त्याला जोडीदारीणही आली, 'रोहाना': नुसता भाव विचारणारा घोळका. अर्थतज्ज्ञ म्हणाले, लोकांच्या खिशात पैसा उरला नाही म्हणून. दुकानदार म्हणाले, लोक इथे बघतात आणि मोबाइलवर मागवतात. मंत्र्यांनाही मत द्यावं लागलं. इबू तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "आता नाव पडलंय होय? आम्ही तर कधीपासूनच आहोत."

त्याच सुमाराला आई दीड महिना आमच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी मॉलच्या दारात बॅग तपासली तेव्हा तिने रखवालदाराला तिळाची वडी दिली. आठवड्याभरात तिची बाकाची जागा ठरली: दुसरा मजला, जिन्यासमोर, मागे खांब. मी भाजी घेईपर्यंत ती तिथे बसायची. भाषा एका अक्षराची येत नव्हती, पण बाजूच्या म्हाताऱ्यांशी गुडघ्यांवर बोट दाखवून तिचं व्यवस्थित चालायचं. यादी तिने पुन्हा काढली नाही.

एका दुपारी बाहेर पडायला आणि आभाळ फाटायला एक गाठ पडली. पावसाची सर आली की मॉलच्या दाराशी 'ओजेक पायुंग'वाली पोरं उगवतात, मोठमोठ्या छत्र्या घेऊन. छत्री तुमच्या हातात देतात, तुम्ही रस्त्यापर्यंत जाता, ती मागून चालत येतात, भिजत. आमच्या वाट्याला आलेला नऊ-दहा वर्षांचा असेल. अनवाणी. आईला हा रिवाज ठाऊक नव्हता. दहा पावलांवर तिला तो मागे दिसला. "अरे, भिजतोयस की! ये आत," तिने मराठीत फर्मावलं आणि दंडाला धरून त्याला छत्रीत ओढलं. तो हसला, मान हलवली, पुन्हा मागे सरकला. तिने पुन्हा ओढलं. टॅक्सीपर्यंत हे चाललं. शेवटी त्याचा एक खांदा छत्रीत, एक बाहेर, आणि आईचा पदर दोघांत मिळून चिंब.

मी दहा हजारांची नोट दिली, आपले पन्नास-पंचावन्न रुपये. "मकासी, काका," तो मला म्हणाला. आईने पिशवीतून वडी काढेपर्यंत त्याने छत्री मिटली, काखेत मारली आणि पावसातून परत दाराकडे धूम ठोकली.