उलटतपास

तालुक्याच्या कोर्टात मी दिवाणी दावे चालवते. काही वर्षांपूर्वी एका आजींचा गाडीवाटेचा दावा माझ्याकडे होता. शेजाऱ्यानं बांधावरची वाट काटे टाकून अडवली होती. साक्षीच्या दिवशी सकाळी त्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, आज तुमचा उलटतपास आहे." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "म्हंजी आता उलट सांगायचं व्हय?"

मी त्यांना समजावलं. आपला साक्षीदार आपला वकील तपासतो, तो सरतपास. मग समोरचा वकील त्यालाच प्रश्न विचारतो, तो उलटतपास. त्यातून काही संदिग्ध राहिलं तर पुन्हा आपला वकील विचारतो, तो फेरतपास. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 137 मध्ये हे तीन टप्पे होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 142 मध्ये आहेत. उलट म्हणजे पलीकडच्या बाजूनं, एवढंच.

पण खरी चूक माझ्या हातून आधीच झाली होती. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास तोंडी होत नाही, शपथपत्रावर होतो. म्हणजे साक्षीदाराचा स्वतःचा आवाज कोर्टात पहिल्यांदा ऐकू येतो तो उलटतपासातच. आजींचं शपथपत्र मी लिहिलं होतं: 'सदरहू वाटेचा वापर वादी अव्याहतपणे, निर्वेधपणे व हक्काने करीत आहे.' दुसऱ्याच्या जमिनीतून जायच्या हक्कासाठी ईझमेंट कायद्याला वीस वर्षांचा असा वापर लागतो, खंड न पडता, अडथळ्याविना, म्हणून शब्द कायद्यातले घेतले. वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली, अंगठा उठवला. मी पुढच्या फायलीकडे वळले.

समोरच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "आजी, निर्वेध म्हणजे काय?"

"मला न्हाई ठावं."

"मग हा मजकूर तुम्ही सांगितलेला नाही?"

"मी असं बोलतच न्हाई."

माझे हात गार पडले. पुढचा प्रश्न आला, "पूर्वेच्या बांधावरून तुमची वाट कधीच नव्हती, हे म्हणणं खोटं आहे का?"

"व्हय."

हे 'व्हय' कशाला? वाट नव्हती याला, की म्हणणं खोटं आहे याला? कोर्टाच्या मराठीत 'हे म्हणणे खरे नाही की' अशी वाक्यं आम्ही रोज लिहितो. त्यातला नकार कुणाच्या पदरात पडतो, हे शेतावरून आलेल्या माणसाला कसं कळावं?

न्यायाधीशांनी लघुलेखकाला थांबवलं. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारायचा अधिकार त्यांना असतो, तो त्यांनी वापरला. "आजी, वाट होती का नव्हती?"

"व्हती की. लगीन होऊन आले तवा गाडी त्याच वाटंनं दारात आली."

वकील पुन्हा उठले. खरं तर त्यांनी आता बसायला हवं होतं. उलटतपासात उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे माझ्या सीनियरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "ती गाडी जाताना कुणी पाहिली?"

आजींनी पिंजऱ्याच्या कठड्यावरचा हात उचलून प्रतिवादीकडे केला. "ह्यानं. ह्याच्या घराची कौलं आमच्याच गाडीतनं त्याच वाटंनं आणली. सात-आठ वर्साचा आसंल. कासरा धरून म्होरं बसला व्हता."

प्रतिवादी मान खाली घालून बसून राहिला. त्याच्या वकिलांनी कागद आवरले.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. निर्वेध आणि अव्याहत सावरून घ्यायला मी मघापासून तीन प्रश्न मनात जुळवले होते. वहीवर ते लिहिलेही होते.

"फेरतपास?"

"नाही, साहेब," मी म्हटलं.