दीड वर्ष गाडी थांबलीच नाही

काल ऑफिसमधली शेजारची बाई सहज बोलता बोलता म्हणाली की दीड वर्षाहून जास्त माझी गाडी माझ्याच स्टेशनवर थांबत नव्हती. मी उडालेच. स्टेशन म्हणजे लंडन ब्रिज, मी रोज उतरते ते. स्टेशन नव्याने बांधायचं काम चालू असताना जानेवारी 2015 पासून ऑगस्ट 2016 पर्यंत पुढे चेरिंग क्रॉस स्टेशनला जाणाऱ्या गाड्या तिथे न थांबता जायच्या, त्या थांबायला लागल्या तर कॅनन स्ट्रीट स्टेशनच्या बंद, ते थेट 2018 उजाडेपर्यंत.

आणि हे कशासाठी, तर आधी 15 प्लॅटफॉर्मपैकी 9 वर गाडी संपायची आणि 6 थ्रू होते, म्हणजे गाडी थांबून तशीच पुढे जायची, आता 9 थ्रू आणि 6 वर संपते. प्लॅटफॉर्म एकही वाढला नाही! पण संपणारी गाडी म्हणजे ती रिकामी होणार, परत भरणार, मोटरमन या टोकाचा त्या टोकाला जाणार, निघताना येणाऱ्या गाड्यांची लाईन आडवी कापणार, तोवर मागची सिग्नलला उभी. थ्रू गाडी मिनिटभरात जागा मोकळी करते. मुंबईत मस्जिद सोडल्यावर सीएसएमटीच्या तोंडाशी लोकल रखडते आणि लोक उड्या मारून रुळांतून चालायला लागतात ना, त्याचं मूळ हेच, आणि इतकी वर्षं तिथे उभी राहून मला ते कधी सुचलं नव्हतं.

पण म्हणून आपल्याकडे काही होत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 2024 मध्ये ठाण्याला 63 तासांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या बंद ठेवून, रूळ सरकवून पाच नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला. दादरला दीड वर्ष गाडी थांबणार नाही म्हटलं तर माणसांनी जायचं कुठून? दादा म्हणतो तुला तिथे बसून बोलायला काय जातं, पण बारा वर्षं मीही कल्याण फास्टला लटकले आहे, मी बोलणार.

एका गोष्टीत मात्र आपली बाजू घेता येत नाही. इथे लंडन ब्रिजला रुळांखालच्या विटांच्या कमानी फोडून मोठा हॉल काढलाय, सगळ्या प्लॅटफॉर्मवरून सरकते जिने तिथेच उतरतात, पुढची गाडी येईपर्यंत फलाट रिकामा. एल्फिन्स्टनच्या जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, तो जिना मी रोज चढायचे.

वहिनी संध्याकाळी ठाण्याला पाच नंबरवरच उतरते. काल फोनवर विचारलं, फरक पडला का गं? म्हणाली, पाय टेकायला जागा मिळते आता, जिन्यापाशी मात्र अजून तसंच उभं राहावं लागतं.