झाडांची रजा

ऑफिसातली झाडं बहुतेक ठिकाणी भाड्याची असतात, हे तिथे रोज बसणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. कुंडीमागे महिन्याचं भाडं ठरलेलं असतं, नर्सरीवाल्याशी वर्षाचा करार असतो आणि ठरलेल्या शनिवारी सकाळी, मजला रिकामा असताना, खाली टेम्पो लागतो. सर्व्हिस लिफ्टमधून टवटवीत कुंड्या वर येतात, दमलेल्या खाली जातात. सोमवारी आपण कार्ड टेकवून आत शिरतो तेव्हा रिसेप्शनजवळ अरेका पाम उभाच असतो. तो आधीचा नसतो, पण कुणाच्या लक्षात येत नाही. मजल्यावरची माणसं बदलतात तेव्हा तरी कुठे येतं म्हणा.

आमच्याकडे हे काम बघणारे माळीकाका उरुळी कांचनच्या बाजूचे. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसरनंतर नर्सऱ्या दिसू लागतात, त्यातल्याच एकीत ते आहेत. "काका, ही झाडं इथून नेता ती कुठे जातात हो?" असं एकदा विचारलं. "कुठं जात्यात? आराम करायला," ते म्हणाले. "हितं पंधरा दिवस काढले की झाड उतरतंय. मग तिकडं शेडनेटखाली महिनाभर ठेवायचं. उजेड, पाणी, जरासं खत. सावरलं की परत ड्युटीवर."

पंधरा दिवस काम आणि महिनाभर रजा, तीही खाऊनपिऊन. आमच्या मजल्यावर व्हाइस प्रेसिडेंटलासुद्धा ही सवलत नाही.

काकांच्या बाजूने बघितलं तर यात लाड कसलेच नाहीत, उजेडाचा रोकडा हिशोब आहे. उजेड मोजतात लक्समध्ये, आणि ऑफिसात टेबलावर 300 ते 500 लक्स पुरेसा मानतात. तेवढ्यात वाचता येतं, टाइप करता येतं, समोरच्याचा चेहरा पडलाय हेही दिसतं. बाहेर भर दुपारच्या उन्हात हाच आकडा 1,00,000 लक्सच्या घरात जातो. आपले डोळे भलतेच समजूतदार, बाहुली लहानमोठी करून आणि आतला पडदाही उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक ते आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. झाडाला उजेडावरच पोट भरायचं असतं, त्यामुळे त्याला ही पळवाट नाही. त्यात एसीची कोरडी हवा. अरेका पामच्या पानांची टोकं आधी तपकिरी होतात, मग करपतात, मग एक दिवस हाउसकीपिंगच्या मावशी कात्री घेऊन ती टोकं तिरकी कापतात, म्हणजे पान मुळातच तसं असावं असं वाटतं. हे कसब मी अगदी जवळून बघितलंय. तिरकी कापायची, आडवी नाही. आडवी कापली तर कापलेलं कळतं.

म्हणून ऑफिसासाठी झाडं निवडतात ती सोशिक. झेडझेड प्लांट मूळचा पूर्व आफ्रिकेतला. मातीखाली बटाट्यासारख्या गाठींत पाणी साठवून ठेवतो आणि पाणी घालायला कुणी विसरलं तरी आठवडेच्या आठवडे काढतो. सासूची जीभ म्हणून ओळखलं जाणारं ते उभ्या पट्ट्यांचं झाड पानांवरची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा तोंड मिटून बसतं. मनी प्लांट तर पार प्रशांत महासागरातल्या मोरिआ बेटाचा. रानात मोठ्या झाडावर चढायला मिळालं की त्याची पानं हातभर लांब होतात. आपल्याकडे प्रिंटरशेजारी तो तळहाताएवढ्या पानांवर समाधान मानतो. कमी उजेड, कमी पाणी, तक्रार नाही. नोकरीच्या जाहिरातीत हे एवढं स्पष्ट लिहायची सोय नसते, इतकंच.

आता हे सगळं आपल्या भल्यासाठी चाललंय, हे कबूल करायला हवं. दोनेक वर्षांपूर्वी मजला नव्याने सजवला तेव्हा डिझायनर मंडळींनी आम्हाला बसवून स्लाइड दाखवल्या. निसर्गाशी नातं, मनाचं स्वास्थ्य, कामातली एकाग्रता. स्लाइडवर 1984 सालचा तो प्रसिद्ध अभ्यास होताच. या विषयावर बोलणारा माणूस त्यावाचून पुढे जातच नाही, आणि अभ्यास आहेही तसा सुरेख. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, जालीम वेदनाशामकं त्यांना कमी लागली, आणि हा रुग्ण रडतो, याला फार धीर द्यावा लागतो, असले शेरेही नर्सनी त्यांच्याबद्दल कमी लिहिले होते.

स्लाइड बदलली आणि पुढच्या चित्रात कुंड्या आल्या. मला तिथेच अडखळायला झालं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या रुग्णांच्या उशाशी कुणी कुंडी आणून ठेवली नव्हती. त्यांना खिडकी होती, खिडकीबाहेर झाडं होती, आणि ती पानं गाळायची, वाऱ्याने हलायची, संध्याकाळी काळी पडायची. पण खिडकी महाग. कुंडी दरमहा भाड्याने मिळते.

कुंड्यांच्या बाजूने हवेचा मुद्दा नेहमी पुढे करतात. नासाने 1989 साली दाखवून दिलं की काही घरगुती झाडं हवेतली घातक रसायनं शोषतात. ते खरंच आहे, फक्त तो प्रयोग बंद पेटीत केला होता. दिल्लीत नेहरू प्लेसला कमल मीटल यांनी आपल्या पहारपूर बिझनेस सेंटरमध्ये 300 माणसांसाठी 1,200 झाडं ठेवली, माणशी चार. दिल्लीच्या हवेने त्यांची स्वतःची प्रकृती बिघडली होती, त्यामुळे त्यांच्या हट्टाला अर्थ होता, आणि पानांवरची धूळ रोज पुसायची हेही ते बजावून सांगत. पण 2019 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी जुने सगळे प्रयोग पुन्हा हिशोबात घेतले. इमारतीत हवा जशी एरवीच आतबाहेर होत असते, तेवढं काम नुसत्या झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 पासून 1,000 पर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. तेवढी झाडं आणली तर माणसांना घरूनच काम करावं लागेल. त्यानेही बरं वाटेल, नाही असं नाही.

आमच्या मजल्याची शान म्हणजे पॅन्ट्रीसमोरची हिरवी भिंत. मऊ, मखमली, मधे कंपनीचं नाव दिव्यात. नवीन माणूस आला की हात लावून बघतोच. ते शेवाळ आहे, खरंखुरं, फक्त जिवंत नाही. ग्लिसरीन आणि रंगात मुरवून ठेवलेलं. पाणी नको, ऊन नको, वाढ नाही, कीड नाही. फॅसिलिटीवाल्यांचं अख्ख्या निसर्गात सगळ्यात आवडतं झाड तेच.

आणि काच! इमारत चारही बाजूंनी काचेची आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आतल्या लोकांना दिवसभर आभाळच आभाळ दिसत असेल. प्रत्यक्षात काचेतून ऊन थेट स्क्रीनवर येतं, स्क्रीन दिसेनाशी होते, मग पडदे खाली, मग अंधार म्हणून ट्यूब चालू. बाहेर वळीव कोसळून जातो आणि आत आम्हाला तो व्हॉट्सॲपवरून कळतो. काच उघडत नाही, त्यामुळे मातीचा वास येण्याचा प्रश्नच नाही.

माझे वडील ज्या तालुक्याच्या कचेरीत होते तिथे याच्या अगदी उलट. दगडी भिंती, उंच छत, पुरुषभर उंचीच्या खिडक्या आणि त्यांना लाकडी झडपा. प्रत्येक टेबलावर काचेचा पेपरवेट. त्याची गरज होती, कारण खोलीत वारा होता. अंगणात कडुनिंब, त्याच्या सावलीत स्टॅम्पव्हेंडर आणि अर्ज लिहून देणारे. दुपारी एकदोन माणसं हमखास त्या पारावर डुलकी काढत. पण उगाच गहिवरायला नको. पावसाळ्यात त्याच छतातून गळायचं, माळ्यावर वटवाघळं होती, आणि जुन्या दप्तराला वाळवी लागली की सातबारेच्या सातबारे गायब. वाळवी हाही निसर्गच, आणि तिला आत यायला कुणा डिझायनरची गरज पडत नव्हती.

दोन्हीतलं बरं ते घेऊन बांधता येतं, नाही असं नाही. त्यासाठी लांब जायला नको. हडपसरला वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीसाठी आखलेलं वन अर्थ हे आवार आहे. बुटक्या इमारती, मधे चौक, पाणी, आणि बहुतेकांना बसल्या जागी दिवसाचा उजेड. तिथे निसर्ग नकाशा काढतानाच आत घेतला. आमच्यासारख्यांकडे तो फर्निचरच्या यादीत, खुर्च्यांनंतर आणि डस्टबिनच्या आधी येतो.

तरीही माणसं आपापली सोय बघतात. आमच्याकडे डेस्कवर खासगी सामान ठेवू नये असा नियम आहे, आणि नियमाला न जुमानता ठिकठिकाणी काहीतरी उगवलेलं असतं. टेस्टिंगमधल्या एकीने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मनी प्लांटचं कांडं ठेवलंय. बरणीवरचं 'कैरी' हे लेबल अजून शाबूत आहे. पलीकडे एकाने काचेच्या ग्लासात रताळं अर्धं बुडवून ठेवलं होतं. त्याला जांभळट कोंब फुटले आणि वेल थेट मॉनिटरच्या मागून वर गेला, तेव्हा सगळा मजला येऊन बघून गेला. भाड्याच्या अरेका पामकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. मावशी सुट्टीच्या दिवशी या बरण्यांना पाणी घालतात. कुणी कुंडीत उरलेला चहा ओतला की त्यांना ते लगेच कळतं, कारण साखरेने चिलटं धरतात. मग त्या कुणाचं नाव न घेता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात.

इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या क्रेग नाइट आणि अॅलेक्स हॅस्लम यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेलं काम मला म्हणूनच फार पटतं. त्यांनी लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत कामाला बसवलं. एक खोली उघडीबोडकी, एक झाडं आणि चित्रं लावून सजवलेली, एक अशी की झाडं-चित्रं कुठे ठेवायची ते तिथे बसणाऱ्यानेच ठरवायचं. बोडक्यापेक्षा सजवलेल्या खोलीत काम चांगलं झालं, आणि स्वतः मांडलेल्या खोलीत त्याहून चांगलं. चौथ्या प्रकारात माणसाने आपल्या मनासारखं मांडून झालं की प्रयोग करणारा येऊन ते सगळं बदलून जायचा. तिथे मिळालेला फायदा गेला. साहेब लोकांना हा शेवटचा भाग कुणी स्लाइडवर दाखवत नाही.

खरं तर आमच्या ऑफिसचं सर्वोत्तम निसर्गस्नेही डिझाइन गेटबाहेर आहे आणि ते अनधिकृत आहे. एका जुन्या पर्जन्यवृक्षाखाली चहाची टपरी. बसायला दोन फळ्या, बाकी सगळे उभे. दुपारी चारला तिथे इतके लोक असतात की आमच्या निम्म्या मीटिंगा तिथेच उरकतात, आणि लवकर उरकतात. संध्याकाळ झाली की तो वृक्ष पानं मिटून घेतो; आभाळ भरून आलं तरी मिटतो. कामाची वेळ संपली म्हणजे संपली, हे त्याच्याकडून शिकावं असं टपरीवाले दादा आम्हाला सांगत असतात. स्वतः मात्र ते रात्री दहापर्यंत स्टोव्ह विझवत नाहीत.

गेल्या महिन्यात एचआरकडून फॉर्म आला, मजल्यावर निसर्गाची आणखी कोणती सोय हवी? पर्याय होते: जास्त कुंड्या, शेवाळाची आणखी एक भिंत, लहानसं कारंजं, स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज. शेवटी 'इतर' म्हणून रिकामी ओळ. तिच्यात पुष्कळांनी एकच गोष्ट लिहिली, पडदे वर करा. फॅसिलिटीवाल्यांचं ठरलेलं उत्तर आलं, ऊन येतं. मग त्या लोणच्याच्या बरणीवालीने आठवडाभर कुठल्या काचेवर ऊन कधी असतं ते लिहून काढलं आणि तक्ता करून मेलवर टाकला. पूर्वेकडे अकरानंतर ऊन नाही. पश्चिमेकडे दुपारी एकपर्यंत नाही. आणि उत्तरेकडे, उन्हाळ्याचे थोडे दिवस सोडले तर, वर्षभर थेट ऊन येतच नाही. तिथले पडदे इमारत झाल्यापासून नुसतेच खाली होते.

मेलला उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, पण उत्तरेचे पडदे वर गेले. दिसतो तो शेजारच्या इमारतीचा जनरेटर आणि त्याच्यामागे टेकडीचा एक तुकडा. तेवढ्यावर त्या बाजूच्या जागांसाठी आता वशिले लागताहेत. पूर्वेकडचे पडदे अकराला वर करायची जबाबदारी मावशींनी आपणहून घेतली आहे. पश्चिमेकडच्या टीमने मात्र लेखी तक्रार केली आहे. त्यांच्या वाट्याला दुपारी एकपर्यंतचा उजेड येतो, आणि त्यांची शिफ्ट सुरू होते दोनला.