हायकू रोजच्या वापरात: ब्राउझर आला, मराठी अजून अडकलीये

जुन्या लॅपटॉपवर हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमचं बीटा ५ टाकलं होतं, ते आता नुसतं हौसेपुरतं राहिलं नाही, रोजची बरीच कामं त्यावरच होतायत म्हणून हा अपडेट. नवीन लोकांसाठी पटकन सांगतो, बीओएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या बी कंपनीची टेक्नॉलॉजी २००१ मध्ये पाम कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी तशीच सिस्टीम ओपन सोर्समध्ये नव्याने लिहायला घेतली, तेच हायकू. हा लिनक्सचा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचीच एखादी आवृत्ती नाही, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभाच वेगळा, त्यामुळे लिनक्सचं पॅकेज उचलून टाकलं असं होत नाही, कोणाला तरी ते पोर्ट करावं लागतं, म्हणजे हायकूवर चालेल असं बदलून घ्यावं लागतं.

आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. ट्रॅकर या हायकूच्या फाइल मॅनेजरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटवर, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीवर क्वेरी मारली की एका गायकाची सगळी गाणी क्षणात समोर, हे बघून मित्र खूश होतात पण पुढचा प्रश्न ठरलेला, ब्राउझर कुठला? हायकूचा स्वतःचा वेबपॉझिटिव्ह हलका आहे पण जड साइटवर त्याची दमछाक होते. फायरफॉक्सचं पोर्ट आइसवीझल नावाने आलं आणि माझ्यासाठी सगळं चित्रच पालटलं. लिब्रेऑफिस आहे, लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ आणि वेलँडच्या कंपॅटिबिलिटी लेयरमुळे जीटीके टूलकिटवर बनलेले इंकस्केप, जिम्प हे चित्रांचे प्रोग्राम पण आले, ६४ बिटवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइनसुद्धा आहे. उलट बीओएसचे जुने प्रोग्राम चालवायचे तर ३२ बिटच घ्यावं लागतं, म्हणजे जुनं हवं की नवं ते इन्स्टॉल करतानाच ठरवा.

काहीजण म्हणतात पोर्टच पोर्ट आले तर हायकूसाठी खास कोण लिहिणार, ओएस/२ या जुन्या सिस्टीमचं तेच झालं ना, विंडोजचे प्रोग्राम इतके छान चालायचे की कंपन्यांना वेगळी आवृत्ती काढायची गरजच वाटेना. मला ते इथे लागू होतं असं अजिबात वाटत नाही. हायकूचे नेटिव्ह, म्हणजे खास त्याच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम हौशी माणसं लिहितात, आणि दिवसभर त्यावर बसता आलं तरच ती लिहिणार ना, ब्राउझरसाठी सारखं विंडोजमध्ये जावं लागलं तर कोण कशाला थांबेल.

आता माझं खरं दुखणं. हायकूच्या स्टाइल्डएडिट या टेक्स्ट एडिटरमध्ये ‘किती’ टाइप केलं तर पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते, ‘प्रश्न’ मधली जोडाक्षरं सुटी होऊन हलन्त दिसतात. फॉन्ट नोटोच आहे, त्याचा काही दोष नाही, नेटिव्ह प्रोग्रामचं टेक्स्ट स्क्रीनवर काढणाऱ्या अ‍ॅप सर्व्हर या हायकूच्या भागात शेपिंगच, म्हणजे अक्षरं नीट जुळवून मांडायची सोयच नाहीये. तीच ओळ लिब्रेऑफिसमध्ये एकदम बरोबर, कारण ते शेपिंगसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतं. म्हणजे मराठी माणसाला सध्या बाहेरून आलेलेच प्रोग्राम कामाचे, आणि ज्यासाठी हायकूवर जीव जडला त्या ट्रॅकरमध्ये फाइलचं नाव मराठीत धड वाचता येत नाही.

सध्या इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीचा कीमॅप (कुठल्या कीवर कुठलं अक्षर ते) करायला घेतलाय, ळ आणि ऱ्य बसवणं चालूये. अ‍ॅप सर्व्हरच्या सी++ कोडमध्ये हात घालायची कोणाची तयारी असेल तर खरंच सांगा, टेस्टिंगला मी कधीही तयार आहे.