घोडे, कातळ आणि फितीची लांबी

काउबॉयपटांचे मूळ शोधायला अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला अखेर पूर्व किनाऱ्यावर यावे लागते. एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा १९०३ सालचा सुमारे बारा मिनिटांचा चित्रपट मुख्यतः न्यू जर्सीत चित्रित झाला. त्यातला दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो, ते दृश्य आरंभी जोडायचे की शेवटी, हे एडिसन कंपनीने खेळ लावणाऱ्यांच्या मर्जीवर सोडले होते. एकाच चित्रपटाच्या दोन प्रती सारख्या नसणे हे या प्रकाराच्या नशिबी पहिल्यापासून आहे, आणि माझा बहुतेक वेळ त्या प्रतींचा ताळमेळ घालण्यातच जातो.

वेड मात्र त्याआधीचे. साठच्या दशकात मालवणजवळच्या आमच्या गावात पावसाळा सरला की टुरिंग टॉकीजचा तंबू पडे आणि हिंदी-मराठी खेळांच्या मधूनच एखादा झिजलेला इंग्रजी चित्रपट लागे. त्यातले संवाद कुणाला कळत नसत आणि त्यावाचून कुणाचे अडतही नसे. मला नटांच्या आधी घोड्यांची नावे पाठ झाली: टॉम मिक्सचा टोनी, जीन ऑट्रीचा चॅम्पियन, रॉय रॉजर्सचा ट्रिगर. (आपल्याकडे वाडियांच्या स्टंटपटांत नादियाच्या घोड्याचे नाव ‘पंजाब का बेटा’ होते, आणि ते मला या तिन्हींपेक्षा सरस वाटते.) पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि संध्याकाळी या चित्रपटांच्या नोंदी करू लागलो, तेव्हा आत्या विचारायची, “घोड्यांच्यो गजाली लिवन पोट भरता काय रे?” पोट पगारावर भरत होते, त्यामुळे गजाली वाढत गेल्या.

या प्रकाराच्या इतिहासात जॉन फोर्ड यांचा ‘स्टेजकोच’, फ्रेड झिनेमन यांचा ‘हाय नून’ अशी शिखरे सांगण्याची पद्धत आहे. ती शिखरे आहेतच. पण हा प्रकार जगवला तो तासाभराच्या स्वस्त चित्रपटांनी, असे माझे मत वर्षांगणिक पक्के होत गेले आहे. १९३५ साली रिपब्लिक ही कंपनी निघाली आणि त्याच वर्षी ऑट्री तिचा गाणारा काउबॉय झाला. असे चित्रपट आठवडा-दोन आठवड्यांत उरकले जात, एका तिकिटात दोन खेळांच्या जोडीत दाखवले जात, आणि नायक, त्याचा विनोदी सोबती, सावकारी वळणाचा खलनायक ही मंडळी चित्रपटागणिक तीच असत. रात्रभर दशावतार पाहणाऱ्या आमच्या गावाला त्यात वावगे काहीच वाटले नाही, कारण कंपनी तीच आणि सोंगे तीच असताना आजचा खेळ कसा रंगतो हे पाहण्याची त्याला सवयच होती.

काउबॉयपटांचा सर्वांत गाजलेला नट जॉन वेन या कारखान्यातूनच घडला. १९३० मधला त्याचा पहिला मोठा चित्रपट आपटल्यावर ‘स्टेजकोच’पर्यंतची जवळजवळ नऊ वर्षे त्याने बहुतांशी या स्वस्त चित्रपटांत काढली. यकिमा कनट हा घोडेस्वारीतला वस्ताद तिथेच त्याच्याबरोबर होता. ठोसा हनुवटीला न लागता जवळून जावा, पण कॅमेऱ्याला तो लागलेलाच दिसावा, ही मारामारीची युक्ती त्या दोघांनी मिळून बसवली असे मानतात. ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडून अख्खी गाडी अंगावरून जाऊ देणारा माणूसही कनटच. १९३९ साली समीक्षकांनी ज्या चित्रपटाला डोक्यावर घेतले, त्याची तालीम अशी वर्षानुवर्षे कमी पैशांत चालली होती.

या चित्रपटांना स्वतंत्र देखावे परवडत नसत, म्हणून तेच डोंगर पुन्हा पुन्हा दिसतात. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समधले गोलाई आलेले ग्रॅनाइटचे धोंडे मला आता एकेक ओळखता येतात. जांभ्याच्या सड्यावर वाढलेल्या माणसाला कातळ पाहण्याची नजर असतेच. चित्र थांबवून धोंड्यांमधल्या भेगा आणि मागे दिसणारी सिएरा नेवाडाची शिखरे ताडून पाहिली, की पाठलाग नेमका कोणत्या खिंडीत चित्रित झाला हे बऱ्याचदा ठरवता येते. याच धोंड्यांनी १९३९ मध्ये ‘गंगा दीन’साठी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचेही काम केले, हे समजल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि पठाणी फेट्यांच्या मागे माझे ओळखीचे दगड पाहून मनसोक्त हसलो.

खऱ्या काउबॉयचा काळ चित्रपटांपेक्षा फारच तोकडा. टेक्सासची गुरे कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकण्याचा धंदा १८६७ पासून भरभराटला. १८७४ मध्ये ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाल्यावर मोकळी कुरणे आवळत गेली, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्याने उरलेसुरले कळप मारले. त्या गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे मोठ्या संख्येने होती. पडद्यावर ती अभावानेच दिसतात, आणि फोर्ड यांच्या चित्रपटांत कोमांची व अपाची या मूळनिवासी जमातींचे लोक म्हणून येतात ते बहुतेक नावाहो जमातीचे असतात. चाहता असताना हे मला दिसले नाही असे नाही, पण त्याची नोंद इतिहासकारालाच करावी लागते. दंतकथा आणि हॉलिवूड किती खेटून होती, हे पाहायचे तर जुन्या पश्चिमेतला दंतकथा बनलेला कायद्याचा रखवालदार वायट अर्प याची अंत्ययात्रा पाहावी: १९२९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे पडद्यावरचे दोन काउबॉय होते.

त्या मिक्सचे बहुसंख्य मूकपट आज नाहीत. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लिटल फेरी येथे ते काढणाऱ्या फॉक्स कंपनीचे फितींचे कोठार कडक उन्हाळ्यात आपोआप पेटले; त्या काळची नायट्रेटची फीत जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे ती पाण्याने विझत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ मधल्या अहवालानुसार अमेरिकेतल्या मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्केच मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. नायट्रेटनंतरची अ‍ॅसिटेटची फीत तशी भडकत नाही, पण उष्णता आणि दमटपणात कुजते, आणि या दोन्ही गोष्टी कोकणात फुकट मिळतात. आषाढात डबा उघडला आणि व्हिनेगरचा वास आला, की आतली फीत आक्रसू लागली आहे असे समजावे. हा आजार एका डब्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून तसला डबा मी तातडीने पडवीत नेऊन वेगळा ठेवतो.

सध्या हातात आहे ती ऑट्रीच्या एका चित्रपटाची १६ मिलिमीटरची प्रत, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली. मूळ चित्रपट तासाभराहून मोठा. या फितीची ३६ फूट लांबी म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, आणि हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर मोजल्यावर ती १,९४० फूट भरली, म्हणजे ५४ मिनिटांच्या आत. पन्नाशीच्या दशकात असे चित्रपट टीव्हीच्या तासात जाहिरातींसह बसावेत म्हणून साधारण एवढेच छाटले जात, त्यामुळे संशय सरळ तिकडे जातो. पण फीत आपल्याकडच्या एखाद्या ऑपरेटरनेही कापलेली असू शकते. ते तपासण्याचा मार्ग असा: १६ मिलिमीटरच्या फितीवर ध्वनी आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. ऑपरेटरने कात्री चालवली असेल, तर चित्राची उडी आणि आवाजाची उडी यांत सेकंदभराहून थोडे जास्त अंतर पडते आणि सांधाही बोटाला लागतो. छाटणी प्रत काढण्याआधीच झाली असेल, तर सांधा नसतो आणि दोन्ही उड्या एकदम येतात.

या प्रतीत एके ठिकाणी ऑट्री टेकाड चढू लागतो आणि पुढच्याच चौकटीत गावातल्या गुत्त्यासमोर घोड्यावरून उतरतो. तिथे सांधा नाही, आणि टापांचा आवाज चित्राबरोबरच तुटतो. नोंदवहीत मी ‘टीव्हीसाठी छाटलेली प्रत’ असे लिहिले आहे. उरलेल्या जागा तपासून झाल्या, की पाऊस लागण्याआधी ती स्कॅन करायला पुण्याला पाठवायची आहे.